मानोजीअण्णा आणि भिंतीवरचा लेखक

मानोजीअण्णांच्या घरी कुणीही गेलं की आधी पाणी मिळायचं, आणि पेला खाली ठेवतो न ठेवतो तोच प्रश्न यायचा.

"तो काय विचार करतोय, सांगा बघू."

'तो' दाराच्या बरोबर समोरच्या भिंतीवर असायचा. वहीच्या पानाएवढं चित्र, काळी लाकडी चौकट. एका जुन्या झाडाखाली दगडावर तरुण परदेशी माणूस बसलेला. सदरा गळ्याशी उघडा, केस वाऱ्यानं विस्कटलेले. एक हात गालाला, दुसऱ्या हातात पिसाची लेखणी. मांडीवर कागद आणि कागद कोरा. मागे पडकी भिंत, तिच्यावर चढलेला वेल, वर दाटून आलेले ढग. सगळं नुसत्या काळ्या रेघांत. रेघा केसासारख्या बारीक, अंधार हवा तिथं एकीवर एक चढवलेल्या.

लोक काहीबाही उत्तरं द्यायचे आणि अण्णा ती सगळी लक्षात ठेवायचे. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्या माणसानं सांगितलं होतं, हा पत्ता विसरलाय. गल्लीतले डॉक्टर म्हणाले होते, याची दाढ दुखतेय. अण्णांच्या भाचीचं म्हणणं, याला तिथं नेटवर्क मिळत नाहीये.

मी बँकेच्या नोकरीसाठी निपाणीहून बेंगळुरूला आले आणि चामराजपेटेत त्यांच्या घराची वरची खोली भाड्यानं घेतली, तेव्हा पहिल्याच भेटीत मलाही हा प्रश्न आला. मी म्हटलं, "त्याला पहिलं वाक्य सुचत नाहीये."

"सरी," अण्णा म्हणाले. "शिकलेली माणसं सगळी हेच सांगतात."

म्हणजे मी नापास. पण खोली मिळाली.

अण्णांचं घराणं बेंगळुरातलं जुनं मराठी. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी पूर्वज घोड्यावर बसून आले, घोडे गेले, माणसं राहिली, असं ते सांगायचे. घरात मराठी, दारात कन्नड. बोलता बोलता 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' आणि 'बरं'च्या जागी 'सरी' कधी येऊन बसायचे ते त्यांना कळायचंही नाही. 'स्वल्प थांब' हे तर त्यांचं ठेवणीतलं वाक्य. ते माणसाला म्हणायचे, उतू जाणाऱ्या दुधाला म्हणायचे, आणि ॲसिडलाही म्हणायचे.

ॲसिडशी त्यांचा संबंध पोटापाण्याचा. शहराबाहेर बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं धातूच्या पाट्या करत होते. यंत्रावर कंपनीचं नाव असतं, विजेच्या पेटीवर धोक्याची सूचना असते, तशा पाट्या. पत्र्यावर लेप द्यायचा, अक्षराच्या जागी तो काढायचा आणि पत्रा ॲसिडात सोडायचा. उघड्या जागी ॲसिड धातू खातं, अक्षर खोल उतरतं. अण्णांच्या नखांच्या कडा या कामानं कायमच्या तपकिरी झाल्या होत्या.

चित्र त्यांना मिळालं ते नोकरीच्या पहिल्या वर्षांत. इंग्रजांच्या छावणीकडचा एक जुना बंगला रिकामा होत होता, त्याचं सामान भंगारवाल्याकडे आलं होतं. अण्णा गेले होते तांब्याचे तुकडे शोधायला. रद्दीच्या ढिगात हा माणूस गालाला हात लावून बसलेला दिसला. घरी आणून त्यांनी तो भिंगाखाली धरला, आणि रेघेची कड बघून चरकले. ती शाईच्या लेखणीनं ओढलेली नव्हती. ॲसिडानं खाल्लेल्या रेघेची कड कशी असते, ते त्यांना रोज हाताखाली दिसत होतं.

"विद्या, तुला सांगतो," ते मला म्हणाले होते, "त्या दिवसापर्यंत मी पाट्या करणारा कामगार होतो. त्या दिवशी कळलं, आपल्या धंद्यात असलीही माणसं होऊन गेलीत."

पुढे चित्रकलेच्या कॉलेजात जुने कागद दुरुस्त करणाऱ्या एका बाईंना त्यांनी ते दाखवलं. बाईंनी कागद उजेडासमोर धरला, हातानं केलेला आहे म्हणाल्या. अठरावं शतक सरता सरताचं काम. युरोपात तेव्हा एकांत, वादळ, पडक्या इमारती आणि विचारात हरवलेले कवी-लेखक यांचं वेड होतं. खाली नावं असतात तो समास कापलेला असल्यामुळे चित्रकार कोण आणि बसलेला कोण ते मात्र कळायला मार्ग नव्हता. अण्णांना त्याचं काही वाटलं नाही. "नाव कशाला पाहिजे? घरातच राहतो की तो."

मग त्यांनी स्वतःच शिकायला घेतलं. मेण आणि डांबराचा लेप घरच्या अंगणात शिजवला. ग्रामोफोनची सुई बांबूच्या काडीत बसवून लेखणी केली. छपाईचं यंत्र आणणं शक्य नव्हतं, म्हणून उसाच्या रसाचा जुना हातचरक मिळवला आणि कारखान्याजवळच्या लेथवर त्याचे दातेरी रूळ घासून गुळगुळीत करून घेतले. या चरकातून त्यांनी पहिल्यांदा स्वतःचं नाव छापलं, ते उलटं आलं. पाट्या करणाऱ्याला छापायची सवय नसते, पत्र्यावर असतं त्याच्या उलटं कागदावर येतं हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. नाव उलटं बघून ते धावत बाहेरच्या खोलीत गेले. भिंतीवरच्या लेखकाच्या डाव्या हातात लेखणी होती. इतकी वर्षं ते त्याला डावखुरा समजत होते.

"माफी मागितली मी त्याची," अण्णा गंभीरपणे म्हणाले.

कारखान्यातली त्यांची एक गोष्ट तिथले जुने कामगार अजून सांगतात. विजेच्या पेट्यांसाठी पाट्यांचा मोठा ढीग तयार झाला होता. वर कवटी, खाली कन्नडमध्ये 'अपाय', म्हणजे धोका. पाट्या खोक्यांत भरताना अण्णांच्या लक्षात आलं की मूळ नमुन्यातच पहिलं अक्षर चुकलंय. सगळ्या पाट्यांवर 'उपाय' उतरलं होतं. साहेब म्हणाले, कवटी आहे ना, लोक समजून घेतील, माल जाऊ दे.

अण्णा म्हणाले, "साहेब, कवटी बघून माणूस थांबेल. मग 'उपाय' वाचेल आणि हात घालेल."

"वाचतंय कोण?"

"जो वाचेल त्याच्यासाठीच लावतो ना आपण पाटी?"

त्यांनी खोकी उघडली. पुढचे दोन दिवस आपली पाळी संपली की आनेकलहून शहराकडे जाणारी कामगारांची बस सोडून द्यायची आणि पाट्या नव्यानं करत बसायचं, असं चाललं. दुसऱ्या दिवशी आणखी तिघं त्यांच्याबरोबर थांबले. साहेबांनी शाबासकी दिली नाही, पण त्यानंतर प्रत्येक नमुना आधी अण्णांकडे वाचायला यायला लागला.

मी राहायला गेले तेव्हा अण्णा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. रविवारी सकाळी अंगणातून चरकाचा आवाज यायचा आणि थोड्या वेळानं दोरीवर ओले कागद लटकलेले दिसायचे. गल्लीतलं पिंपळाचं झाड, फुलांच्या माळा विणणारी बाई, रिक्षात झोपलेला माणूस. ते आपणहून चित्र कुणाला द्यायचे नाहीत, मागितलं तर मात्र लगेच द्यायचे.

मग एका रविवारी आवाज आला नाही. पुढच्याही रविवारी नाही. मी खाली गेले तर चरकावर जुनी चादर घातलेली होती. अण्णांचा उजवा हात कापायला लागला होता. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. गोळी घेतल्यावर तास-दीड तास हात बराच शांत राहायचा, नंतर पुन्हा सुरू. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायला लागले. येणाऱ्याला प्रश्न विचारणंही बंद झालं. पाणी द्यायचे आणि गप्प बसायचे. तीन-चार महिने असे गेले.

इथवर मी त्यांच्या बायकोविषयी, गिरिजाक्कांविषयी, काहीच सांगितलं नाही. अण्णांच्या घरात जाणाऱ्या सगळ्यांचं तसंच व्हायचं. बाहेरच्या खोलीत अण्णा आणि त्यांचा लेखक, आणि आतून भांड्यांचा आवाज. अक्का बारीक, कमी बोलणाऱ्या. माझ्या जेवणाच्या डब्यात काहीतरी जास्तीचं घालायच्या आणि त्याबद्दल बोलू द्यायच्या नाहीत.

एका सुट्टीच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, मी त्यांचा डबा परत द्यायला स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. अण्णा गोळी घ्यायला गरम पाणी मागत आत आले होते आणि दारातच थांबले होते. खिडकीपाशी, ओट्याला टेकून, अक्का स्टुलावर बसल्या होत्या. डावा हात गालाला. उजव्या हातात पेन्सिल. पुढ्यात कॅलेंडरचं फाडलेलं पान, पाठकोरी बाजू वर. नजर खिडकीबाहेर, पण बाहेर काहीच बघत नसलेली. गॅसवरची आमटी खदखदत होती आणि त्यांना ते ऐकू येत नव्हतं.

अण्णांनी एकदा मागे वळून बाहेरच्या भिंतीकडे बघितलं. मग म्हणाले, "सामानाची यादी एवढी मोठी?"

अक्का दचकल्या. "यादी नाही ती."

"मग?"

"गोष्ट." त्यांनी कागद उलटा ठेवला आणि गॅस बारीक केला.

"कुणाची?"

"आनेकलच्या बसमध्ये एक कुत्रा चढतो त्याची. त्याला कुठल्या स्टॉपवर उतरवू ते कळेना झालंय."

अण्णा हसले. मग हसायचे थांबले. "कधीपासून लिहितेस?"

"लग्नाच्या आधीपासून."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाही," अक्का म्हणाल्या. त्यात राग नव्हता. गरम पाण्याचा पेला त्यांनी अण्णांच्या दोन्ही हातांत नीट बसवून दिला.

तांदळाच्या डब्यामागून कागद निघाले. कॅलेंडरची पानं, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, दोऱ्यानं शिवून केलेल्या वह्या. अक्का कन्नड शाळेत शिकलेल्या, देवनागरी लिहायची कधी वेळच आली नव्हती. त्यामुळे भाषा घरातली मराठी आणि अक्षरं कन्नड. गल्लीतल्या कन्नड माणसाला अक्षरं वाचता आली असती, पण अर्थ लागला नसता, आणि बाहेरून आलेल्या मराठी माणसाला अक्षरंच लागली नसती. अण्णांना दोन्ही येत होतं, पण पुसट झालेलं पेन्सिलीचं लिहिलेलं आता त्यांना लागत नव्हतं. निपाणीत दोन्ही लिपी गिरवलेली मी आयतीच वर राहत होते. दर रविवारी दुपारी मी वाचायची आणि अण्णा ऐकायचे, असं ठरलं. अक्का आत काहीतरी कामात असल्याचं दाखवायच्या.

गोष्टी साध्या होत्या आणि चांगल्या होत्या. बसमधला कुत्रा होता. कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर फक्त डाव्या बाह्या शिवणारी एक मुलगी होती, जी घरी आल्यावर आईला म्हणते, उजव्या बाह्या कोण शिवतं ते मला एकदा बघायचंय. अण्णा मांडीवर थाप मारून दाद द्यायचे. तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी एक वही उघडली. त्यात एका बाईची गोष्ट होती. तिचा नवरा घरी येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो. दूधवाल्याला विचारतो, पाहुण्यांना विचारतो, शेजारच्या लहान मुलांनाही विचारतो. बाई आतून ऐकत असते. उत्तर तिच्याकडे तयार असतं. तीस वर्षं ती ते तयार ठेवून असते.

मी वाचता वाचता थांबले. आतला भांड्यांचा आवाजही थांबला होता. अण्णा उठले आणि अंगणात गेले. चरकावरच्या चादरीवर हात ठेवून पाठमोरे उभे राहिले. आपण हे वाचायला नको होतं असं मला वाटायला लागलं. थोड्या वेळानं ते आत आले. माझ्याकडे न बघता सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"गिरिजा, तो काय विचार करतोय?"

अक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. चित्राकडे त्यांनी बघितलंही नाही.

"विचार कसला. काय लिहायचं ते त्याला ठाऊक आहे. घरातली माणसं कधी एकदा बाहेर जातात, याची वाट बघतोय."

"पण तो तर रानात बसलाय."

"म्हणूनच रानात येऊन बसलाय."

अण्णा खाली बसले. "बरोबर," ते हळूच म्हणाले. "बरोबर आहे." त्यानंतर त्यांनी हा प्रश्न पुन्हा कुणालाही विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी चरकावरची चादर निघाली. अण्णांना अक्कांचं चित्र करायचं होतं, कॅलेंडरचं पान पुढ्यात घेऊन बसलेल्या अक्कांचं. मी म्हटलं, "हात?"

"मेणावर रेघ ओढायला जोर लागत नाही. नुसती सुई टेकवायची. खायचं काम ॲसिडचं."

पण हात नुसता टेकतही नव्हता. पहिल्या पत्र्यात अक्का ऐंशी वर्षांच्या दिसत होत्या. दुसरा पत्रा अण्णांनी रागानं घासून टाकला. मग त्यांनी घाई सोडली. सकाळी गोळी घ्यायची, अर्धा तास थांबायचं, मनगट लाकडी पट्टीवर टेकवायचं आणि हात शांत असेल तेवढा वेळच काम करायचं. कपाटाचा आरसा काढून स्वयंपाकघरात उभा केला होता. आरशातल्या उलट्या अक्का बघून काढायच्या, म्हणजे कागदावर त्या सुलट येणार. पेन्सिल उजव्या हातातच राहणार. एकदा झालेली चूक त्यांना पुन्हा करायची नव्हती.

लुगड्याच्या चुण्या, खिडकीतून येणारा उजेड, आमटीची वाफ, या सगळ्याला कापरी रेघ चालली. चालली काय, शोभली. वाफ खरोखर हलतेय असं वाटत होतं. अडलं ते चेहऱ्याशी. चेहऱ्याला रेघा पाचच हव्यात, असं अण्णा म्हणायचे, पण त्या पाच स्थिर हव्यात. तीन आठवडे ते रोज आरशासमोर बसायचे, सुई उचलायचे आणि खाली ठेवायचे. अक्कांनी तेवढ्या वेळात कुत्र्याची गोष्ट संपवली आणि दुसरी सुरू केली.

एका सकाळी मी कामावर निघताना आत डोकावले. अण्णा सुई पुसत होते.

"झाल्या," ते म्हणाले.

"पाचही?"

"चार. पाचवी नको वाटली."

पत्रा ॲसिडात तीनदा बुडवला. उजेडाच्या रेघा आधी झाकल्या, अंधाराच्या खोल खाऊ दिल्या. छापायच्या दिवशी चरकाचं चाक मी फिरवलं, कारण अण्णांना ते आता जड जात होतं. त्यांनी ओला कागद कोपऱ्याला धरून उचलला आणि अक्कांसमोर धरला. खिडकीपाशी गालाला हात लावून बसलेली एक बाई, आणि तिच्या पुढ्यातला कागद निम्मा लिहिलेला.

अक्कांनी बराच वेळ बघितलं. "नाक माझ्या वडिलांचं आलंय."

"तुझंच ते."

"म्हणजे त्यांचंच," अक्का म्हणाल्या आणि आत गेल्या. भांडं वाजलं नाही.

गोष्टी मी देवनागरीत उतरवून काढल्या. बेंगळुरातल्या मराठी माणसांची एक छोटी संस्था पुस्तक करायला तयार झाली. संस्थेचे एक सदस्य, पुण्याहून इथं स्थायिक झालेले सज्जन गृहस्थ, घरी आले. गोष्टी त्यांना मनापासून आवडल्या होत्या. भाषा तेवढी शुद्ध करून घेऊ म्हणाले. 'स्वल्प' काढून 'थोडं' घालू, 'अक्का'च्या जागी 'ताई' करू, वाचकाला सोपं जाईल.

अण्णांनी तोंड उघडलं, पण अक्का आधी बोलल्या. परक्या माणसासमोर त्यांना असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"माझ्या गोष्टीतल्या बाईला 'स्वल्प' पाहिजे असतं. थोडं दिलं तर ती घेणार नाही."

गृहस्थ मोकळेपणानं हसले. "असू दे तर मग, अक्का," म्हणाले, आणि 'अक्का' म्हणाले म्हणून अक्कांनी त्यांना दुसऱ्यांदा कॉफी दिली. पुस्तक जसंच्या तसं निघालं. डाव्या पानावर कन्नड अक्षरं, उजव्या पानावर देवनागरी, भाषा दोन्हीकडे तीच. सुरुवातीला अण्णांचं चित्र. आनेकल आणि होसकोट्याकडून माणसांचे फोन आले. आमची आजीही असंच लिहायची, तिच्या वह्या अजून घरात आहेत, त्या कुणी वाचून दाखवेल का, असं विचारणारे. अण्णा फोनवर सगळ्यांना सांगायचे, घेऊन या, पण अकराच्या नंतर या.

दीड वर्षानं माझी बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी साडेनऊला मी बॅग घेऊन खाली उतरले. अण्णा बाहेरच्या पायरीवर बसले होते. मांडीवर परात, परातीत भिजवलेले अवरेचे, म्हणजे पावट्याचे, दाणे. थंडीच्या दिवसांत बेंगळुरात घरोघरी हे दाणे भिजवून, एकेक चिमटीत दाबून साल काढतात आणि त्याची आमटी करतात. अण्णांची बोटं कापत होती, दाणे सालीतून सटासट बाहेर उडत होते. काही परातीत पडत होते, काही अंगणात. त्याची त्यांना फिकीर नव्हती.

दार लोटलेलं होतं. मी म्हटलं, "अक्कांना सांगून जाते."

"आता नको," ते कुजबुजले. "आत काम चाललंय."

"पण अण्णा, मी निघालेय."

"ठाऊक आहे. तिलाही ठाऊक आहे. रात्रीच डबा भरून ठेवलाय तुझा." त्यांनी कोपरानं शेजारच्या पिशवीकडे दाखवलं. "बाकीचं ती लिहून कळवेल."

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला. तेवढ्यात फाटकाशी एक बाई आल्या, हातात कापडात गुंडाळलेल्या जुन्या वह्या. अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं, पायरीवर सरकून आपल्या शेजारी त्यांना जागा केली, आणि परात दोघांच्या मध्ये ठेवली.